गाळलेली चार पानं

वृषाली दुपारी अडीचच्या सुमारास आली, तेव्हा गेणभाऊ ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. शेजारच्या बोटाची कातडी इतकी टणक झाली होती की शेंग फुटली की नाही हे बोटाला कळायचं नाही, डोळ्यांनी बघावं लागायचं.

वृषाली त्यांच्या चुलतभावाची मुलगी. माहेर इथलंच, महाळुंगे पडवळचं, आणि सासर निमगाव सावा. तिचा नवरा गोकुळ नारायणगावात कोल्ड स्टोरेजची यंत्रं सांभाळायचा. वर्षभरापूर्वी पुण्याच्या ‘दूरांगण’ कंपनीनं त्याला निवडलं. मंगळापर्यंत जाऊन परत यायच्या एका मोहिमेसाठी ही कंपनी माणसं तयार करत होती. यान परदेशातलं, माणसं इथली. देशभरातून चोवीस जण घेतले होते, त्यात गोकुळ. यानातली हवा नि पाणी शुद्ध करणारी यंत्रं चालवायचं काम त्याच्याकडं येणार होतं. निमगावात त्याचा फ्लेक्स लागला, सत्काराला आमदार येऊन गेले. गोकुळ रस्त्यानं चालला की म्हातारी माणसंसुद्धा बाजूला होऊन वाट देत.

वृषालीनं पिशवीतून एक चकचकीत पुस्तिका काढली.

“काका, तुमी एक्स-रेत तीस वर्षं काढली. एवढं वाचून सांगा. रविवारी नारायणगावात कार्यक्रम हाय, करारावर सह्या व्हणार. बायकोचीबी सही लागती.”

“तुझी कशाला?”

“उद्या काही झालं तर घरचे दावा लावणार न्हाईत म्हणून.”

गेणभाऊंनी हात धोतराला पुसले, चष्मा चढवला. पुस्तिका मराठीत होती. पहिली दहा पानं मंगळाचे फोटो, जेवण, व्यायाम, घरच्यांशी बोलायची सोय. अकराव्या पानावर मथळा होता : ‘किरणोत्सर्गाची भीती नको’. त्याखाली लिहिलं होतं, ‘प्रवासातला रोजचा डोस हा रुग्णालयातल्या एका सीटी स्कॅनपेक्षाही कमी असतो.’ शेजारी एक हसणारं कुटुंब.

गेणभाऊंनी ते वाक्य दोनदा वाचलं.

“प्रवास किती दिवसांचा?”

“अडीच वर्षं. तिथं ऱ्हायचं धरून.”

“आन् हा डोस रोजचा.”

“हां. म्हंजे धोका न्हाई ना, काका? आमाला अजून मूल न्हाई. हे म्हणत्यात, परत आल्यावर बघू.”

गेणभाऊंनी मनात हिशोब मांडला. रोज सीटी स्कॅनपेक्षा कमी. अगदी पाचवा हिस्सा धरला, तरी पाच दिवसांनी एक सीटी स्कॅन, सलग अडीच वर्षं. कुणा पेशंटचा वर्षात चौथा सीटी स्कॅन निघाला तर रेडिऑलॉजिस्ट गेणभाऊंना दारात अडवून विचारायचा, का काढताय म्हणून. पानं उलटत ते शेवटपर्यंत गेले. मागच्या कव्हराच्या आत बारीक अक्षरात ओळ होती : ‘मराठी मजकूर – तेजस्विनी चासकर’.

तेजस्विनी त्यांची मुलगी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीत लागलेली. घरी सांगायची, माहिती विभागात आहे, लिहायचं काम असतं.

“तेजूनं लिहिलंय म्हणून तर मी निर्धास्त व्हते,” वृषाली म्हणाली. “मला वाटलं तुमाला ठावं आसंल.”

गेणभाऊंनी पुस्तिका मिटली. “ही इथंच ऱ्हाऊ दे. आन् मी सांगंस्तवर सही करू नगंस.”

ती गेल्यावर शेंगांचं सूप तसंच पडून राहिलं. बायको साळुबाई बाहेर आली, नवऱ्याचा चेहरा बघून काही न विचारता सूप उचलून आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला हा राग ओळखता येत होता. आरडाओरडा करणारा राग वेगळा, तो तासाभरात उतरायचा. हा गप्प बसणारा होता.

गेणभाऊंना किरणांची माहिती पुस्तकातून झालेली नव्हती. ज्या खाजगी हॉस्पिटलात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, तिथले मोठे डॉक्टर हाडांचे नावाजलेले. अपघाताचा पेशंट आला की मशीनखाली त्याचं हाड बघत बघत बसवायचे, आणि पेशंटचा हात-पाय धरून ठेवायचा गेणभाऊंनी. शिशाचा ॲप्रन एकच होता, तो डॉक्टरांच्या अंगावर. हाताखाली जानकू नावाचा मदतनीस होता, डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारा. गरीब स्वभावाचा आणि हाताला गोड. रडणारी पोरं त्याच्याकडं शांत व्हायची, म्हणून पोरांचे एक्स-रे असले की त्यांना टेबलावर धरून बसायचं काम जानकूचं.

दोघांना छातीला लावायचे बॅज मिळायचे. अंगावर किती किरण पडले ते त्या बॅजवर उमटतं. तीन महिन्यांनी ते तपासायला जायचे. एकदा आकडा जास्त आला तेव्हा वरून पत्र आलं. मोठ्या डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. म्हणाले, “गेणभाऊ, उगाच कागदी घोडे नाचतात. बॅज ऑफिसातल्या खुंटीला लावत जा. आणि घाबरू नका, उन्हात उभं राहिल्यासारखंच असतं हे.”

त्या दिवसापासून गेणभाऊंनी दोन्ही बॅज खुंटीला लावले. स्वतःच्या हातानं, रोज सकाळी. नंतरचे आकडे इतके स्वच्छ आले की हॉस्पिटलला शाबासकीचं पत्र आलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी गेणभाऊंचे दोन्ही मोतीबिंदू काढावे लागले. पुढं बोटावरची जखम बरी होईना, तपासली तर कातडीचा कॅन्सर निघाला आणि पेर गेलं. जानकूला रक्ताचा कॅन्सर झाला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या बायकोनं नुकसानभरपाईचा अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं, या आजाराचा कामाशी संबंध जोडता येत नाही. कसा जोडता येणार? कागदावर जानकूच्या अंगावर एक किरणही पडला नव्हता.

शनिवारी सकाळी तेजस्विनी मंचरहून जीपनं आली. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची तयारी तिच्याकडंच होती, म्हणून घरी मुक्काम. चप्पल काढते न काढते तोच गेणभाऊंनी पुस्तिका तिच्यापुढं टाकली.

“हे तू लिहिलंस?”

तिनं अकरावं पान उघडं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

“त्यात एकही वाक्य खोटं नाही, आण्णा.”

“म्हणून तर डोस्कं फिरलंय माजं. खोटं असतं तर फाडून फेकलं असतं. अडीच वर्षांचं मिळून किती व्हतं, ते सांग.”

“एक सीव्हर्टच्या आसपास.”

“मला समजंल असं सांग.”

“एक्स-रेच्या माणसाला वर्षाला सरासरी जेवढं चालतं ना, तसं पन्नास वर्षांचं.”

“पन्नास वर्षांचं अडीच वर्षांत.” गेणभाऊंनी हात पुढं केला, पेर नसलेलं बोट तिच्या डोळ्यांसमोर. “आन् मी तर साधा एक्स-रे खाल्ला. ह्यांच्यावर काय पडनार?”

“ते एक्स-रे नसतातच,” तेजस्विनी म्हणाली. बोलायला लागली तशी तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा झाला, जणू त्याच्याआड तिला उभं राहता येत होतं. “तारे फुटतात तिथून निघालेले कण असतात. त्यात लोखंडाचेसुद्धा, जवळपास प्रकाशाच्या वेगानं येणारे. इथं आपल्याला हवा वाचवते, पृथ्वीचं चुंबक वाचवतं. तिकडं दोन्ही नाही. यानाची भिंत त्यांना नीट अडवू शकत नाही, उलट भिंतीवर आदळून आणखी कण फुटतात. एक्स-रे म्हणजे शेतावरची भुरभुर धरली, तर हा गोफणीचा धोंडा. पेशीतून आरपार जातो, वाटेतलं सगळं फाडत. कॅन्सर, मोतीबिंदू, हृदयाच्या रक्तवाहिन्या. मूल होण्यावर परिणाम. उंदरांवर प्रयोग झालेत, ते शिकलेलं विसरतात, घाबरट होतात. माणसांचं नेमकं कुणालाच माहीत नाही. चंद्रावर गेलेली माणसंसुद्धा पंधरवड्याच्या आत परत आली होती.”

“हे समदं तुला ठावं हाय.”

“मी हे लिहिलं होतं, आण्णा. अकराव्या पानानंतर चार पानं होती. वैद्यकीय सल्लागारांनी गाळली. म्हणाले, घरचे घाबरतील. आणि करारात सगळं आहेच.”

“करारात हाय?”

“इंग्रजी करारात. जोडपत्र सात.”

“आन् चार पानं गाळली तवा तू काय केलं?”

तेजस्विनीनं पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

“सांग की. वृषाली तुझ्या नावावर इसंबून बसली व्हती. तिला वाटलं, आपल्या घरची पोरगी, ती कशाला फसवंल.”

“तुम्ही काय केलं होतं?” तेजस्विनीचा आवाज एकदम चढला. “जानकूमामांचा बॅज रोज सकाळी खुंटीला कोण लावत होतं?”

आतून साळुबाई म्हणाली, “तेजे.” एवढंच.

गेणभाऊ भिंतीला टेकले. त्यांना वाटलं होतं पोरीला यातलं काही माहीत नाही. साळुबाईनं कधीतरी सांगितलं असणार.

“मीच लावत व्हतो,” ते म्हणाले. “नोकरी जाईल म्हणून लावत व्हतो. तवा माज्या घरात मला इचारणारं कुणी न्हवतं. तुज्या घरात मी हाये. म्हणून इचारतोय.”

त्या दिवशी बापलेक एका पंगतीला जेवले नाहीत.

कार्यक्रम रविवारी अकराला नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात होता. महाराष्ट्रातले सहा उमेदवार आणि त्यांच्या घरची माणसं. खोडदच्या मोठ्या दुर्बिणीमुळं या भागाला आकाशाची ओढ आहे, असं बातमीत छापता येईल म्हणून कंपनीनं जागा इथली निवडली होती. लग्नात नवरानवरीच्या खुर्च्या असतात तिथं टेबल, टेबलावर सहा करार आणि सहा पेनं. तेजस्विनी पुढच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसली होती. गोकुळ इस्त्रीच्या निळ्या सदऱ्यात, पाठ ताठ. शेजारी वृषाली.

वैद्यकीय सल्लागार पन्नाशीचे, गोड गळ्याचे गृहस्थ. त्यांनी अर्धा तास भाषण केलं आणि शेवटी विचारलं, “कुणाला काही शंका?”

गेणभाऊ मागच्या रांगेतून उठले.

“डोस रोजचा सांगितला. येकूण किती, ते पुस्तकात कुठं हाय?”

सल्लागार हसले. “काका, आपली भीती मी समजू शकतो. किरण म्हटलं की सामान्य माणसाला—”

“मला भीती वाटत न्हाई. मला राग आलाय. ह्या दोन्हीतला फरक डॉक्टरला कळाया पायजे.”

गोकुळनं वळून बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“मामा, बसा,” तो दातांत बोलला.

“बसतो, पावणं. एवढं सांगू द्या.” गेणभाऊंनी हात वर केला. “हे बोट एक्स-रेनं गेलं. माज्या हाताखालचा माणूस रक्ताच्या कॅन्सरनं गेला. आमालाबी असंच सांगितलं व्हतं, उन्हात उभं ऱ्हायल्यासारखं हाय. पण आमी सांजच्याला घरी जात व्हतो, आन् नकोसं झालं तर दार उघडून निघून जाता येत व्हतं. तुमच्या यानाला दार हाय का?”

“सर्व माहिती करारात दिलेली आहे,” सल्लागारांचा गोडवा जरा आटला. “जोडपत्र सात, पान एकशे बारा.”

“विंग्रजीत.”

“करार इंग्रजीतच असतो.”

“हितं बसलेल्या आया-बायकांपैकी कुणी वाचलंय ते?”

साताऱ्याकडची एक बाई नवऱ्याकडं बघत राहिली. सल्लागारांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, “आपण आता सह्यांकडे वळू या.”

तेव्हा वृषाली उठली. चारचौघांत ती कधी बोललेली नव्हती. तिनं सल्लागारांकडं बघितलंच नाही.

“तेजू,” ती म्हणाली, “काका सांगत व्हते, तू अजून पानं लिहिली व्हती. हायेत का ती?”

गोकुळनं तिचा हात धरून खाली ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

तेजस्विनी लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत होती. गेणभाऊंना मागून तिची मान तेवढी दिसत होती. नाही म्हणाली, तर या पोरीशी पुन्हा बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

“आहेत,” तेजस्विनी म्हणाली. “चार पानं.”

“तो कच्चा मसुदा होता,” सल्लागार म्हणाले.

“कच्चा नव्हता, सर. तुम्ही तपासला होता.”

घरच्यांसाठी कंपनीनं जो व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, तो तिच्याच ताब्यात होता. तिनं फाईल टाकली. हॉलमध्ये इथून तिथून फोन वाजले, एकामागून एक. मग माना खाली गेल्या आणि लोक वाचायला लागले. सल्लागार माइकवर काहीतरी बोलत होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

त्या दुपारी सहांपैकी दोघांनी सह्या केल्या. तिघांनी वेळ मागून घेतला. वृषालीनं सांगितलं, “ही चार पानं कराराला जोडा, खाली तुमची सही करा, मग मी माजी करते.” सल्लागार म्हणाले, कळवतो. नारायणगावच्या स्टँडपर्यंत गोकुळ तिच्या दहा पावलं पुढं चालत गेला.

तेजस्विनीचं ओळखपत्र सोमवारी काढून घेतलं. गोकुळला तीन आठवड्यांनी दोन ओळींची मेल आली : पुढच्या टप्प्यासाठी आपली निवड झालेली नाही. निमगावातला फ्लेक्स कुणी उतरवला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मेल आली त्याच दिवशी तो मोटारसायकल काढून महाळुंग्याला आला. वृषाली मागं बसली होती. तो एकट्यानं यायला निघाला होता, तीच हट्टानं बसली. साळुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही.

“झालं समाधान?” तो गेणभाऊंना म्हणाला. “मी काय दारूच्या गुत्त्यावर चाललो व्हतो, मामा? आमच्या सात पिढ्यांत कुणी मुंबईच्या पुढं गेलं न्हाई. मी कुठं निघालो व्हतो, कळतंय का तुमाला?”

“कळतंय.”

“काय कळतंय? तुमाला तुमचं बोट दिसतंय. तुमचा जानकू दिसतोय. त्याचं पाप फेडायला माजं आयुष्य सापडलं तुमाला.”

हे गेणभाऊंच्या वर्मी लागलं. ते खोटं आहे असं त्यांना म्हणता येईना. “पावणं, तुमाला अडवायचं न्हवतं,” ते म्हणाले. “समजून उमजून गेला असता, तर मी स्वतः पुण्यापत्तोर सोडायला आलो असतो.”

“समजूनच चाललो व्हतो. मला काय अडाणी समजता? जोडपत्र सात मी दोनदा वाचलंय. कॅन्सर, डोळं, मेंदू, सगळं. मला चालत व्हतं.”

तो बोलून गेला आणि थांबला. वृषाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“तुमी वाचलं व्हतं?” तिनं विचारलं.

गोकुळनं मोटारसायकलची किल्ली खिशात घातली.

“मी तुमाला इचारलं व्हतं, मुलाचं काय. तुमी म्हणाला, परत आल्यावर बघू. तवा वाचलेलं व्हतं का नंतर वाचलं?”

“तवाच,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “सांगितलं असतं तर तू सोडलंच नसतं.”

“ते मी ठरवलं असतं. कदाचित सोडलंबी असतं. आता तुमालाबी कधी कळणार न्हाई, आन् मलाबी.” ती रडली नाही. आवाजसुद्धा वाढला नाही. गेणभाऊंच्या मनात आलं, हा आपल्या घराण्यातला राग. “तुमी जा घरी. मी मागनं येते.”

“मागनं म्हंजे कवा?”

“मला वाटंल तवा.”

मोटारसायकलचा आवाज कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता. वृषाली आठ दिवस माहेरी राहिली. गोकुळ दोनदा न्यायला आला, दोनदा एकटाच गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ते दोघं वडाखालच्या पारावर तासभर बसले. काय बोलले ते कुणाला माहीत नाही. त्याच संध्याकाळी ती निमगावला गेली. गेणभाऊंशी गोकुळ अजूनही बोलत नाही. लग्नकार्यात भेटला तर दुसरीकडं बघतो, आणि गेणभाऊ त्याला दोष देत नाहीत.

दिवाळीच्या आधी कंपनीची नवी पुस्तिका निघाली. ग्रुपमधल्या कुणीतरी ती तेजस्विनीला पाठवली. ती तोवर घोडेगावच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली होती. कॉलेजातून आल्यावर तिनं गेणभाऊंना फोनवर पानं दाखवली. एकूण डोसाचा आकडा आता दिला होता. कॅन्सरचं पान होतं, मोतीबिंदूचं आणि हृदयाचं पान होतं.

“चारांतली दोन घेतली त्यांनी,” ती म्हणाली.

“ऱ्हायलेल्या दोनांत काय व्हतं?”

“एकात मेंदूचं. दुसऱ्यात मुलाबाळांचं.”

गेणभाऊंनी फोन तिच्या हातात परत दिला. मग उठून त्यांनी खुंटाळ्यावरची टोपी घेतली.

“त्या दिवशी दोघांनी सही केली व्हती, त्यातला एक जवळचाच व्हता ना?”

“राजगुरुनगरचा.”

“त्याच्या आईला ही दोन पानं माहीत हायेत का?”

“ग्रुपवर टाकली होती मी. पण तिच्याकडं साधा फोन आहे. तिला नसतील कळली.”

“चल मग. साडेतीनची यष्टी गावंल.”

हातानं लिहून न्यावीत म्हणून तेजस्विनीनं कपाटातून कोरे कागद काढले, मग विचार करून आधी छापून ठेवलेली चार पानंच घेतली. साळुबाईनं भाकरी बांधून दिली. दोघं फाट्याकडं निघाले. गेणभाऊ पुढं, भराभर, आणि मुलगी त्यांना गाठायला जवळजवळ पळत.